घर तिचं, पाट आमचा

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा एकही धड फोटो नाही. एका फोटोत अक्षतांचं ताट धरलेला तिचा हात आहे, एकात नुसती पाठ, आणि पंगतीत वाढतानाच्या फोटोत ती अशी वाकली आहे की वेणीशिवाय काही दिसत नाही. मुलाच्या बारशाचंही तेच, मुलीच्या लग्नाचंही तेच. ती कायम कामात. तिला कुणी बोलावलं नाही असं नाही. 'ये गं, मध्ये उभी राहा' म्हटलं की ती 'आले, आले' म्हणायची आणि आमटी ढवळायला आत पळायची. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचे, की ही आहे म्हणून माझ्या घरातलं कार्य कधी अडत नाही.

आम्ही दोघी इस्लामपूरच्या. एकाच गल्लीत, समोरासमोर घरं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गल्लीभर मळीचा वास पसरायचा आणि उसाच्या गाड्या कोपऱ्यावर अडून बसायच्या. त्यातून वाट काढत आम्ही शाळेला जायचो. सायकल एकच, तिच्या वडिलांची, मधल्या दांडीची. ती चालवायची, मी मागं बसायचे. चढ आला की ती उभी राहून पायडल मारायची. तिनं मला कधी उतर म्हटलं नाही आणि मीही आपणहून कधी उतरले नाही. मागं बसून मी तिला रस्ता मात्र सांगायचे. डावीकडनं घे, फुडं खड्डा हाय, म्हातारी आडवी येतीय. रस्ता तिलाही दिसत होता, पण गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही.

घरात मला सगळे 'सरपंच' म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माघारी काय म्हणत असतील याची मी चौकशी करत नाही. कुणी विचारायच्या आत सल्ला द्यायचा, कुणी मागायच्या आत मदत करायची आणि ती केल्याचं पाच-सहा जणांना सांगायचं, हा माझा स्वभाव. नोकरीत तो खपून गेला. साताऱ्याच्या एका कचेरीत मी तीस वर्षं कारकून होते आणि तिथं पुढं पुढं करणारं माणूस सगळ्यांनाच हवं असतं. मैत्रीत मात्र तो खपला नाही, तिनं खपवून घेतला. हा फरक मला फार उशिरा कळला.

आम्ही अकरावीत असताना तिचे वडील गेले. धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत. बारावी झाली आणि ती मिरजेला नर्सिंगला गेली. पुढं तिथल्याच एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत काम करू लागली. डॉक्टरांनी हात पुढं करायच्या आत हवं ते हत्यार त्यांच्या हातात ठेवणारी सिस्टर म्हणून तिचं नाव झालं. भावाचं शिक्षण तिनं केलं, तो शिरवळच्या एका कंपनीत चिकटला, त्याचं लग्नही तिनंच उभं राहून लावून दिलं. तिला स्थळं आली होती. 'भावाचं हुं दे, मग बघू' म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि पुढं तिलाच ते नकोसं झालं. ती हे अगदी सरळ सांगायची.

"जमलं न्हाई तवा वाईट वाटलं. मग वाईट वाटायचं संपलं. आता बरं चाललंय."

तिच्या त्या बरं चालण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला तिची कीव यायची. हे मी आज उघड लिहिते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. तिच्यावर माझा जीव होता आणि त्या जिवात निम्मी कीव होती. माझं लग्न फौजीशी झालं, मी साताऱ्यात नांदायला आले, दोन मुलं झाली, घर झालं. यातल्या प्रत्येक वेळी ती रजा काढून मिरजेहून यायची. पहिल्या बाळंतपणात नवरा सीमेवर होता, सासूबाई घाबरून देवापुढं बसल्या होत्या, आणि माझा हात धरून ही उभी. मी ओरडत होते तेव्हा ही मला म्हणाली, "वरडू नगंस, शेजारच्या बाईचं आडलंय, तिला भ्या वाटंल." तशातही मला हसू आलं होतं. मुलगा पहिल्यांदा तिच्याच हातात गेला.

साताऱ्यात आम्ही घर बांधलं, तेव्हाची वास्तुशांत मला अजून लख्ख आठवते. नवरा रजेवर आला होता. मी शालू नेसून पाटावर बसले होते आणि आत शंभर माणसांचं पुरण ती वाटत होती. तेव्हा मिक्सर जळला तर तिनं शेजारून पाटा-वरवंटा आणवला. संध्याकाळी तिच्या बोटांना फोड आले होते. मी त्यावर तूप लावलं आणि म्हणाले, "तुझ्यावाचून माझं काय झालं असतं गं!" हे मी मनापासून म्हणाले. पण बोलून झाल्यावर मी पाहुण्यांना घर दाखवायला गेले आणि ती भांडी मोजायला.

आम्ही दोघींनी पन्नाशी ओलांडली तेव्हा मुलांनी आम्हाला तीन दिवस महाबळेश्वरला पाठवलं. लग्नानंतर आम्ही दोघीच अशा कुठं गेलो नव्हतो. थंडीचे दिवस, स्ट्रॉबेरीचा मोसम. हॉटेलच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही सकाळपासून बसायचो आणि द्रोण पुढ्यात घेऊन खायचो. शाळेतल्या गमती, मेलेली माणसं, जगलेली माणसं, सगळं बोलून झालं. मग ती एकदम म्हणाली, "मला एक घर घ्यायचं हाय. माज्या सोताच्या नावाचं."

मी म्हणाले, "कशाला? एकटीला किती जागा लागती? दवाखान्याची खोली हाय की. आन म्हातारपणी भावाकडं न्हाईतर माज्याकडं येशील."

ती स्ट्रॉबेरीचे देठ एका बाजूला नीट रचत होती. ती म्हणाली, "व्हय, तेबी खरं हाय." आणि विषय बदलला.

पुढच्या चार-पाच वर्षांत तिनं कुणाला न विचारता सांगलीत फ्लॅट शोधला. सांगलीत घर बघायचं म्हणजे पहिला प्रश्न, 'पुराचं पाणी कुठवर आलं होतं?' दलाल एकेका भिंतीवर हात ठेवून दाखवायचे. तिनं त्या हातांच्या वरचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेला छोटी गॅलरी. फरशीचा रंग तिनं ठरवला, नळ कुठं, ओटा किती उंच, तेही तिनंच. गवंड्यानं ओटा दोन बोटं खाली घेतला तर तिनं तो तोडून पुन्हा करून घेतला. हे सगळं मला तिनं झाल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून मी आठवडाभर फुगून बसले होते.

मग एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"वास्तुशांतीचं ठरवतीय," ती म्हणाली. "पण पूजेला बसायचं म्हंजे... भावजयीचा गुडघा तर तुला म्हाईत हाय, आत्ताच ऑपरेशन झालंय, तिला खाली बसता येत न्हाई. तवा मी म्हणत हुते की..."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "अगं, त्यात काय येवढं? आमी बसतो की जोडीनं! हे आता घरीच असत्यात. तू अजिबात काळजी करू नगंस. भटजीबी मीच ठरवते."

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, तिला भरून आलं.

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून मी डोळे पुसले. वाटलं, इतकी वर्षं तिनं माझ्यासाठी केलं, आज तिची सोय करायची पाळी माझी. ओळखीतून मिळालेले भटजी मिरजेचे. त्यांना मी साताऱ्यातनं फोन लावला आणि सांगितलं, दांपत्य साताऱ्याहून येईल, तुम्ही फक्त सामानाची यादी पाठवा. यादी आली, मी सामान आणलं. कपाटातला शालू काढून उन्हात टाकला. नवऱ्याला नवं सोवळं घेतलं. नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, हुकूम आला की प्रश्न विचारायचा नाही ही त्याची सवय फौजेत लागली आणि माझ्याकडं पक्की झाली.

वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. कऱ्हाड, पेठ नाका, मग इस्लामपूर. आमच्या गल्लीचं वळण गाडीतून दिसलं तेव्हा मी नवऱ्याला हजाराव्या वेळी सायकलची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तू चढाला उतरत न्हवतीस, हे तू दर वेळी सांगतीस." मी म्हणाले, "मग?" तो म्हणाला, "काय न्हाई."

फ्लॅटमध्ये पाय ठेवला आणि मला खरंच आनंद झाला. स्वच्छ, उजेडाचं घर. दाराला झेंडूचं तोरण. ती स्वयंपाकघरातून धावत आली. साधी सुती साडी, पदर खोचलेला, हाताला कणीक. मला मिठी मारताना तिनं कणकेचे हात मागं धरले, माझ्या शालूला लागू नयेत म्हणून.

"आवं दाजी, चा घेतला का?" ती माझ्या नवऱ्याला म्हणाली.

"सिस्टर, आधी मोर्चा बघतो, मग चा," नवरा म्हणाला. लग्नापासून तो तिला सिस्टरच म्हणतो.

भटजी तिशीतले. दाढी नीट कोरलेली, फोन सायलेंटवर टाकून बाजूला ठेवलेला. त्यांनी चौरंग मांडला, सुपाऱ्या ओळीनं ठेवल्या आणि विचारलं, "वास्तूची प्रतिमा पुरायला कोपऱ्यात जागा ठेवलीय ना? कुठली फरशी?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी नवऱ्याकडं. आम्हाला काय ठाऊक? आतून तिचा आवाज आला, "खिडकीच्या खालची. सुटी ठेवलीया, नुसती उचलायची."

तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी पाटावर जाऊन बसले. माणसं जमत होती. दवाखान्यातल्या नर्सा आल्या, भाऊ-भावजय आले, भावजय खुर्चीत पाय लांब करून बसली. ही मात्र एकेकाला चहा देत फिरत होती. मग तळमजल्यावरच्या एक बाई आल्या. त्या नव्यानंच राहायला आलेल्या असाव्यात. त्यांनी थेट माझ्याकडं येऊन माझ्या हातात भेटीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "लय छान केलंसा हो घर! फरशीचा रंग तर मला भारी आवडला."

आणि मी चक्क 'थँक्यू' म्हणाले.

सवयीनं म्हणाले. शालू अंगावर, पाटावर बसलेली, भेट हातात आली तर माणूस दुसरं काय म्हणणार? पण शब्द तोंडातून सुटला आणि समोर पाहिलं तर ती चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसली. रागानं नाही, टोमण्यानं नाही, अगदी रोजच्यासारखी हसली आणि त्या बाईंना म्हणाली, "चा घ्या." त्या बाईंनी तिच्याकडं न बघता कप उचलला. कामाला ठेवलेल्या बाईच्या हातून उचलावा तसा.

डबा कुठं ठेवावा कळेना. मांडीवर ठेवला, मग खाली ठेवला, मग नवऱ्याच्या बाजूला सरकवला. एवढ्यात भटजींनी सुरुवात केली.

"यजमान, पळी डाव्या हातात घ्या, उजव्या तळहातावर पाणी. बाई, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा. हं. आता आपलं नाव सांगा, गोत्र सांगा."

मी नवऱ्याच्या कोपराला बोटं लावली. नवऱ्यानं घसा साफ केला. तो आता आपलं नाव सांगणार होता. तिच्या घरात, तिनं तोडून पुन्हा बांधून घेतलेल्या ओट्याच्या, तिनं निवडलेल्या फरशीच्या घरात देवापुढं माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं जाणार होतं. आणि ते मी घडवून आणलं होतं, वर उपकार म्हणून.

"थांबा," मी म्हणाले.

नवरा थांबला. तळहातावर पाणी तसंच. भटजींनी वर पाहिलं.

"घर आमचं न्हाई," मी म्हणाले. "घर तिचं हाय. तिनं बसायला पायजे."

मग तिचा भाऊ पुढं आला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "आक्का, आता कशाला? चांगलं चाललं हुतं. एकट्या बाईमाणसाला चालत न्हाई न्हवं पूजेला."

"कोण म्हणालं?" हे भटजींनी विचारलं.

आता भाऊ भटजींकडं बघायला लागला. "म्हंजे, तुमीच... जोडपं लागतं न्हवं?"

"जोडपं असेल तर जोडप्यानं बसावं. नसेल तर ज्याचं घर त्यानं बसावं. माझी आई आमच्या घरची पूजा एकटीच करते, बाबा गेल्यापासून." मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही हो. फोनवर तुम्ही म्हणालात, दांपत्य साताऱ्याहून येणार आहे. मला वाटलं, घर त्यांचंच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शास्त्राला आम्ही घाबरलो होतो आणि शास्त्र सांगणारा माणूस रिकामा बसला होता. त्याला एक प्रश्न विचारायची बुद्धी आमच्यातल्या एकालाही झाली नाही. झाली असेल तर एकीला, आणि तिचं वाक्य मी फोनवर अर्ध्यात तोडलं होतं.

मी तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. ती माझ्याकडं आली आणि दात ओठ खात हळूच म्हणाली, "बसलीयास ती बस. चाळीस माणसांत तमाशा करू नगंस."

"मी न्हाई बसणार."

"मुहूर्त जाईल."

"जाऊ दे."

तिनं ट्रे खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

ती पाच-सात मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही. भाऊ माझ्याकडं बघत नव्हता. नर्सा आपापसांत कुजबुजत होत्या. नवरा ओला तळहात पुढं धरून पुतळ्यागत बसला होता, कारण त्याला पाणी सांडायचा हुकूम मिळाला नव्हता. मला वाटलं, गेली मैत्री. पन्नास वर्षांची मैत्री मी एका फोनमध्ये घालवली आणि उरलेली आता चारचौघांत बोलून. हिच्या आयुष्यातला हा एक दिवस, तोही मीच मध्ये बसून खाल्ला. उठून दार वाजवावं असं दहा वेळा वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसून राहिले.

दार उघडलं तेव्हा ती हिरवं इरकल नेसून आली. लाल काठ, पदरावर टोपपदराच्या रेघा. साडी कोरी होती, घड्यांच्या खुणा जशाच्या तशा दिसत होत्या. काठाला दुकानाची चिठ्ठी अजून दोऱ्यानं टाचलेली होती. भावजयीनं खुर्चीतूनच हात लांब करून ती चिठ्ठी तोडली.

म्हणजे साडी तिनं घेऊन ठेवली होती. या दिवसासाठी घेतली होती. मी फोनवर 'आमी बसतो जोडीनं' म्हणाले त्याच्या आधी घेतली होती का नंतर, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे.

मी पाटावरून उठले. नवराही उठला, तळहातावरचं पाणी त्यानं अखेर तुळशीच्या कुंडीत सोडलं. दोन पाटांतला एक भटजींनी काढून बाजूला ठेवला. ती मधोमध बसली. पाठ ताठ, ऑपरेशनच्या खोलीत उभी राहत असेल तशी.

"उजव्या तळहातावर पाणी घ्या," भटजी म्हणाले. "नाव सांगा."

तिनं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मोठ्यानं आणि स्पष्ट. गोत्र विचारल्यावर क्षणभर अडली, तर भटजी म्हणाले, "ठाऊक नसलं तर काश्यप म्हणा." ती म्हणाली, "काश्यप." आणि पाणी सोडलं.

मी तिथं उभ्या-उभ्या आठवू लागले, की माझं नाव मी असं कधी सांगितलं. आमच्या साताऱ्याच्या वास्तुशांतीत नाही. सत्यनारायणाला नाही, मुलाच्या मुंजीत नाही, मुलीच्या कन्यादानात नाही. दर वेळी मी नटूनथटून पाटावर बसले, नवऱ्याच्या कोपराला बोटं लावली आणि मनात म्हटलं, बघा, मला केवढा मान! नाव दर वेळी त्यानं सांगितलं, त्याचंच. पाणी त्यानं सोडलं, तूप त्यानं घातलं. ही मात्र सगळं आपल्या हातानं करत होती. समिधा टाकत होती, तूप सोडत होती, धूर डोळ्यांत गेला की मनगटानं डोळे पुसत होती. मला तिचा हेवा वाटला. इतका कडकडून हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मग आत कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी जायला हवं होतं. मी शालूचा पदर खोचला आणि गेले. मीठ कुठल्या डब्यात, पळ्या कुठं टांगलेल्या, मला काही माहीत नव्हतं. चार डबे उघडल्यावर मीठ सापडलं. कढीपत्ता सापडलाच नाही. बाहेर मंत्र चालू होते आणि मी आतून ऐकत होते. नवरा मध्येच आत आला, त्यानं बटाटे सोलायला घेतले. फौजेत शिकलेला, सालं अगदी पातळ निघत होती.

"मी सांगणार हुतो माझं नाव," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलंय."

"मलाबी तसंच वाटलं हुतं," मी म्हणाले.

प्रतिमा पुरायची वेळ झाली तेव्हा तिनं खिडकीखालची फरशी स्वतःच उचलली. आरती झाली, पंगती उठल्या. तळमजल्याच्या बाई तिच्याजवळ जाऊन पुन्हा एकदा सगळं घर छान असल्याचं सांगून गेल्या. आमटीत मीठ कमी झालं होतं, हे सगळ्यांनी मला आवर्जून सांगितलं.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. ती दारापर्यंत आली. इरकलवर तुपाचा एक डाग पडला होता आणि कपाळावरचं कुंकू धुरानं आणि घामानं पसरलं होतं. नवरा पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभा होता.

"राग आला न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"मला? कशाचा?"

"पाटावरनं उठायला लागलं तुला. येवढा शालू नेसून आलीस."

हे ती मला विचारत होती! मला रडूच फुटलं. मी तिचा हात धरला आणि जे दुपारपासून मनात होतं ते बोलून टाकलं. म्हणाले, "खरं सांगू? तू नाव सांगितलंस तवा मला तुझा हेवा वाटला. लय हेवा वाटला."

ती माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं मी तिच्याकडं कशी बघत आले होते ते तिला सगळं ठाऊक होतं. मी कधी बोलले नव्हते, पण ठाऊक होतं, हे मला त्या बघण्यातून कळलं. मग तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"येवढं ऐकायला घर घ्यावं लागलं बघ मला," ती म्हणाली, आणि पुढं होऊन तिनंच लिफ्टचं बटण दाबलं.